इप्ससची लढाई

अलेक्झांडर द ग्रेटच्या मृत्यूनंतर त्याच्या साम्राज्याच्या वारशासाठी त्याच्या सेनापतींत जो सु. चाळीस वर्षांचा संघर्ष झाला, त्यातील सर्वांत मोठी व निर्णायक लढाई. ती इ. स. पू. ३०१ मध्ये आशिया मायनरमधील फ्रिजिया प्रांतात इप्सस या गावाजवळ झाली. तीत आशियाचा स्वामी म्हणविणारा वृद्ध राजा अँटिगोनस आणि त्याचा मुलगा डीमीट्रियस यांचा, थ्रेसचा राजा लायसिमॅकस व बॅबिलनचा राजा सील्यूकस निकेटर यांच्या संयुक्त सैन्याने पराभव केला आणि अँटिगोनस रणांगणावर मारला गेला. मॅसिडोनियाच्या कॅसँडरचे सैन्य विजयी पक्षात होते. ईजिप्तचा टॉलेमी मात्र करारात सामील असूनही प्रत्यक्ष लढाईत नव्हता. इप्ससचे स्थान सिनाडा या प्राचीन नगराच्या परिसरात, म्हणजे सांप्रतच्या तुर्कस्तानातील आफ्योनकाराहिसार प्रांतात होते. ईजियन किनारा, हेलेस्पाँट व सिरिया यांकडे जाणारे मार्ग या परिसरातून जात असल्यामुळे आशिया मायनरच्या स्वामित्वाचा निर्णय येथे व्हावा, यात नवल नाही.

इ. स. पू. ३२३ मध्ये बॅबिलन येथे अलेक्झांडर मरण पावला, तेव्हा त्याच्यामागे राज्य चालवू शकेल असा वारस नव्हता. त्याचा सावत्रभाऊ फिलिप ॲरिडीअस हा मनाने दुबळा होता आणि रोक्सानाचा मुलगा चौथा अलेक्झांडर हा पित्याच्या मृत्यूनंतर जन्मला. या दोघांना संयुक्तपणे राजे म्हणून घोषित करण्यात आले. परंतु सत्ता सेनापतींच्या हाती राहिली आणि प्रांत त्यांच्यात वाटले गेले. राजप्रतिनिधी पर्डिकस याने केंद्रसत्ता टिकविण्याचा प्रयत्न केला. पण ईजिप्तवरील स्वारीत त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याचा खून केला. या कटात सील्यूकस हा एक होता. त्यानंतर ट्रिपॅराडायसस येथे झालेल्या नव्या वाटणीत बॅबिलन सील्यूकसकडे आले आणि फ्रिजियाचा क्षत्रप अँटिगोनस यास आशियातील राजसैन्याचे सेनापतिपद मिळाले.

अँटिगोनस हा अलेक्झांडरचा पिता फिलिप याच्या पिढीतील. एका डोळ्याने अंध असल्याने तो ‘एकाक्ष’ या अर्थाच्या मोनॉफ्थाल्मस या उपनामाने ओळखला जाई. राजघराण्याशी एकनिष्ठ असलेल्या युमिनीझचा त्याने दोन मोठ्या लढायांनंतर नाश केला, पूर्वेकडील प्रांतांचे खजिने ताब्यात घेतले आणि इ. स. पू. ३१५ च्या सुमारास सील्यूकसकडे बॅबिलनच्या महसुलाचा हिशेब मागितला. सील्यूकस जेमतेम काही घोडेस्वारांनिशी निसटून टॉलेमीच्या आश्रयास गेला. इ. स. पू. ३१२ मध्ये गाझा येथे टॉलेमीने तरुण डीमीट्रियसचा पराभव केला, तेव्हा सील्यूकस अल्पशा तुकडीसह बॅबिलनला परतला आणि तेथील प्रजेच्या पाठिंब्यावर त्याने आपला प्रांत परत मिळविला. सील्यूकसच्या वंशाने पुढे प्रचारात आणलेला शक या घटनेपासून मोजला जातो. या वेळी क्षुल्लक भासलेली ही घटना अँटिगोनसला अकरा वर्षांनी भोवली.

दोन्ही राजांपैकी फिलिपचा खून इ. स. पू. ३१७ मध्ये झाला आणि बाल अलेक्झांडरला त्याच्या आईसह कॅसँडरने इ. स. पू. ३१० च्या सुमारास गुप्तपणे ठार करविले. राजवंश संपला, तरी काही वर्षे कोणीही स्वतःस राजा म्हणविण्याचे धाडस केले नाही. इ. स. पू. ३०६ मध्ये सायप्रसमधील सॅलमिसजवळ डीमीट्रियसने टॉलेमीच्या आरमाराचा धुव्वा उडविला. त्या विजयाच्या भरात सैन्याने अँटिगोनसला राजा म्हणून जयघोष केला आणि त्याने मुलालाही राजमुकुट पाठविला. लवकरच टॉलेमी, सील्यूकस, लायसिमॅकस व कॅसँडर यांनीही राजपद धारण केले. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. इतरांच्या राजपदाचा अर्थ आपापल्या प्रदेशापुरता होता. अँटिगोनसच्या राजपदाचा रोख मात्र संपूर्ण साम्राज्यावर होता. त्याच्या हयातीत उरलेल्या चौघांपैकी कोणाचेही राज्य निर्धास्त राहणे शक्य नव्हते.

तथापि सॅलमिसनंतर अँटिगोनसला अपेक्षित यश आले नाही. त्याच वर्षी ईजिप्तवर केलेली स्वारी वादळे, रसदीची टंचाई आणि टॉलेमीने नाईलच्या मुखांवर केलेला बंदोबस्त यांमुळे फसली. नंतर डीमीट्रियसने ऱ्होड्सला वर्षभर वेढा घातला. तेथे वापरलेल्या प्रचंड यंत्रांमुळे त्याला ‘नगरे वेढणारा’ अशी ख्याती लाभली, पण नगर पडले नाही. ग्रीसमध्ये मात्र त्याची सरशी होत गेली. इ. स. पू. ३०२ मध्ये त्याने कॉरिंथ येथे ग्रीक नगरराज्यांचा संघ स्थापन केला आणि थेसालीत कॅसँडरसमोर त्याच्या सु. दुप्पट सैन्य उभे केले. कॅसँडरने तहाची बोलणी सुरू केली, तेव्हा अँटिगोनसने बिनशर्त शरणागतीची मागणी केली. प्रतिपक्षाला एकत्र आणण्यास याहून उपयुक्त असे दुसरे काही नव्हते. कॅसँडरने लायसिमॅकसशी संधान बांधले आणि दोघांनी टॉलेमी व सील्यूकस यांच्याकडे दूत धाडले.

या मित्रसंघाची योजना धाडसी होती. मॅसिडोनियावर संकट असतानाही कॅसँडरने सैन्याचा एक भाग लायसिमॅकसला दिला व ग्रीसमध्ये बचाव करीत राहण्याऐवजी युद्ध आशियात नेण्याचे ठरले. लायसिमॅकस हेलेस्पाँट ओलांडून फ्रिजियात शिरला. कॅसँडरचा सेनापती प्रिपिलेअस याने किनाऱ्याने जाऊन एफेसस व बालेकिल्ला वगळता सार्डिस घेतले. अँटिगोनसचा सेनापती डॉसिमस फितूर झाल्यामुळे सिनाडा व तेथील राजकोठारे लायसिमॅकसच्या हाती आली. अँटिगोनस त्या वेळी सिरियात ऑराँटीझ नदीकाठी वसविलेल्या अँटिगोनिया या नव्या राजधानीत मोठ्या उत्सवाच्या व क्रीडास्पर्धांच्या तयारीत होता. वार्ता कळताच त्याने स्पर्धा रद्द केल्या, जमलेल्या खेळाडूंना व कलावंतांना भरपाई दिली आणि सिलिशियात सैनिकांना तीन महिन्यांचे वेतन चुकते करून तो वेगाने उत्तरेस निघाला. ऐंशीच्या घरातील पुरुषाची ही तडफ त्याच्या शत्रूंनीही गृहीत धरली असावी. कारण लायसिमॅकसने खुल्या मैदानात त्याच्याशी गाठ पडू नये, याची सतत दक्षता घेतली.

लायसिमॅकसची ही मोहीम इप्ससच्या प्रत्यक्ष लढाईइतकीच महत्त्वाची आहे, मात्र तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. सील्यूकस येईपर्यंत वेळ काढणे एवढाच त्याचा हेतू होता. त्याने प्रथम खंदक व मेढेकोट यांनी सुरक्षित केलेल्या छावणीत आश्रय घेतला. अँटिगोनसने रसद तोडताच तो रात्रीतून छावणी उठवून डॉरिलीअम (सांप्रतचे एस्किशेहिर) येथे गेला. तेथे धान्य विपुल होते व नदीचे संरक्षण होते. त्याने खोल खंदक व तिहेरी मेढेकोट यांनी छावणी वेढली. अँटिगोनसने तिला वेढा घालून दगड व बाण फेकणारी यंत्रे आणविली; छावणीत उपासमार सुरू झाली. तेव्हा एका वादळी रात्री लायसिमॅकस डोंगराळ वाटेने पुन्हा निसटला. पाठलाग करणाऱ्या अँटिगोनसचे सैन्य पावसात व चिखलात अडकले. माणसे व जनावरे दगावली आणि त्याला पाठलाग सोडावा लागला. लायसिमॅकसने काळ्या समुद्राच्या काठावरील हेराक्लीयाच्या पाठीमागील मैदानात हिवाळी तळ दिला आणि त्या नगराची शासक ॲमेस्ट्रिस हिच्याशी विवाह करून धान्याची सोय लावून घेतली.

पित्याच्या बोलावण्यावरून डीमीट्रियसने कॅसँडरशी घाईने तात्पुरता तह केला आणि समुद्रमार्गे येऊन एफेसस व हेलेस्पाँटचा किनारा परत घेतला. काळ्या समुद्राचे मुख त्याने अडविल्यामुळे कॅसँडरचा भाऊ प्लाइस्टार्कस याला १२,००० पायदळ व ५०० घोडदळ थ्रेसच्या किनाऱ्यावरून तीन तुकड्यांत हेराक्लीयाकडे न्यावे लागले. पहिली तुकडी पोहोचली, दुसरी शत्रूच्या हाती सापडली, तिसरी वादळात बुडाली. खुद्द प्लाइस्टार्कस गलबताच्या फळकुटाला धरून कसाबसा किनाऱ्याला लागला. वेतन न मिळाल्यामुळे लायसिमॅकसचे सु. २,८०० सैनिक अँटिगोनसला जाऊन मिळाले. टॉलेमीने दक्षिण सिरियावर स्वारी केली होती, परंतु सायडनला वेढा घातलेला असताना अँटिगोनस विजयी झाल्याची खोटी बातमी त्याच्या कानी आली आणि तो ईजिप्तला परतला. इ. स. पू. ३०२ अखेरची परिस्थिती अशी अँटिगोनसला अनुकूल होती. ती पालटली, ती सील्यूकसच्या आगमनामुळे.

सील्यूकस कॅपाडोशियात हिवाळी तळावर आला, तेव्हा डायोडोरसच्या मते त्याच्याजवळ २०,००० पायदळ, तिरंदाज स्वारांसह १२,००० घोडदळ, ४८० हत्ती आणि शंभरांहून अधिक पातीयुक्त रथ होते. पायदळ तुलनेने थोडे होते. घोडदळ व हत्ती मात्र पश्चिमेकडे तोपर्यंत कोणी पाहिले नव्हते एवढे होते. हे हत्ती भारतातून आले होते. अलेक्झांडरने जिंकलेले सिंधू खोऱ्यातील प्रदेश परत घेण्यासाठी सील्यूकस इ. स. पू. ३०५ च्या सुमारास पूर्वेस गेला होता. तेथे मगधाचा चंद्रगुप्त मौर्य याच्याशी त्याचा सामना झाला आणि शेवटी तह झाला. सिंधूच्या पश्चिमेकडील प्रदेश सील्यूकसने सोडला, दोन्ही पक्षांत विवाहसंबंधास मान्यता देणारा करार झाला आणि चंद्रगुप्ताने ५०० हत्ती दिले, असे स्ट्रेबोने नमूद केले आहे. दिलेल्या प्रदेशांची व्याप्ती वादग्रस्त आहे. तथापि ॲराकोशिया म्हणजे कंदाहारचा परिसर मौर्यांकडे गेला, याबद्दल शंका उरत नाही. कंदाहार येथे १९५८ मध्ये उजेडात आलेला अशोकाचा ग्रीक व ॲरेमाइक भाषांतील लेख त्याची साक्ष देतो. मीगॅस्थिनीझ हा राजदूत पाटलिपुत्रास गेला, तो या तहानंतर प्रस्थापित झालेल्या मैत्रीमुळेच.

या तहाकडे सील्यूकसचा पराभव म्हणून पाहण्याची किंवा उलट ती केवळ देवघेव होती असे मानण्याची प्रथा आहे. दोन्ही मतांत इप्ससचा विचार पुरेसा होत नाही. रोमन लेखक जस्टिन याने चंद्रगुप्ताशी तह करून व पूर्वेकडील व्यवस्था लावून सील्यूकस अँटिगोनसविरुद्धच्या युद्धाकडे वळला, असा दोन घटनांचा सरळ संबंध जोडला आहे. पूर्व सरहद्द शांत राहिली नसती, तर बॅबिलन व इराण सोडून सर्व घोडदळासह फ्रिजियापर्यंत जाण्याचे धाडस त्याला करता आले नसते. म्हणून हत्तींइतकेच, किंबहुना अधिक, मोल त्या शांततेचे होते. ५०० ही हत्तींची संख्या डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यासारख्या इतिहासकारास अतिशयोक्त वाटली. परंतु तहाचे ५००, कॅपाडोशियातील ४८० आणि प्लूटार्कने लढाईच्या संदर्भात दिलेले ४०० हे आकडे परस्परांशी विसंगत नाहीत. सिंधूपासून आशिया मायनरच्या पठारापर्यंतची वाट आणि तेथील हिवाळा ध्यानात घेता, त्यांतील घट स्वाभाविक वाटते.

इ. स. पू. ३०१ मध्ये हिवाळी तळ उठल्यावर सील्यूकस व लायसिमॅकस यांच्या फौजा एकत्र आल्या. अँटिगोनसला सिरियाशी असलेले दळणवळण तुटण्याचा धोका पत्करणे शक्य नव्हते. त्यामुळे त्याने लढाई स्वीकारली. प्लूटार्कने दिलेल्या आकड्यांनुसार अँटिगोनसकडे ७०,००० हून अधिक पायदळ, १०,००० घोडदळ व ७५ हत्ती होते. मित्रसैन्यात ६४,००० पायदळ, १०,५०० घोडदळ, ४०० हत्ती व १२० रथ होते. मित्रसैन्याचे घोडदळ या आकड्याहून बरेच अधिक असावे. कारण एकट्या सील्यूकसचेच १२,००० स्वार डायोडोरस सांगतो. दोन्ही बाजूंस मिळून दीड लाख योद्धे असलेली ही लढाई अलेक्झांडरच्या कोणत्याही लढाईत दिसलेल्या मॅसिडोनियन सैन्यापेक्षा कितीतरी मोठी होती. लढाईपूर्वी अँटिगोनस नेहमीच्या विनोदी व बेफिकीर वृत्तीऐवजी विचारमग्न दिसत होता, त्याने डीमीट्रियसला सैन्यासमोर उभे करून आपला उत्तराधिकारी म्हणून दाखविले आणि तंबूबाहेर पडताना तो अडखळून पडला, असे प्लूटार्क सांगतो. अपशकुनांच्या अशा कथा पराभवानंतर रचल्या जातात. परंतु उत्तराधिकाऱ्याची घोषणा मात्र खरी असण्याचा संभव आहे.

डीमीट्रियसने आपल्या उत्कृष्ट घोडदळानिशी, बहुधा उजव्या बगलेवरून, सील्यूकसचा मुलगा अँटायओकस याच्या स्वारांवर हल्ला चढविला. एपायरसचा तरुण राजपुत्र पिऱ्हस या हल्ल्यात त्याच्या बाजूने लढला. अँटायओकसची फळी मोडली आणि डीमीट्रियस तिचा पाठलाग करीत दूर निघून गेला. तो परत फिरला तेव्हा त्याच्या आणि त्याच्या पायदळाच्या मध्ये हत्तींची रांग उभी होती. हत्तींची सवय नसलेले घोडे त्यांचा वास व आवाज यांना बुजतात; त्यामुळे त्याला वाट काढता आली नाही. मधल्या काळात अँटिगोनसच्या पायदळाची एक बगल उघडी पडली. लांब भाल्यांचा घन व्यूह समोरून अभेद्य असला, तरी बाजूने होणाऱ्या हल्ल्यास तोंड देण्यासाठी त्याला घोडदळाचे संरक्षण लागते आणि तेच नेमके उरले नव्हते.

यानंतर सील्यूकसने जे केले, ते लढाईचे खरे मर्म होय. त्याने त्या पायदळावर थेट हल्ला केला नाही. त्याचे स्वार व्यूहाभोवती घिरट्या घालून हल्ल्याची धास्ती दाखवीत राहिले आणि पक्षांतर करण्यास सैनिकांना अवसर देत राहिले. परिणामी पायदळाचा मोठा भाग स्वेच्छेने सील्यूकसला जाऊन मिळाला व उरलेले पळाले. दोन्ही बाजूंचे कसलेले पायदळ मॅसिडोनियन होते. त्याने एकाच राजाच्या हाताखाली एकेकाळी चाकरी केली होती आणि आता त्याची निष्ठा वेतनावर व सेनापतीच्या दैवावर अवलंबून होती. अलेक्झांडरनंतरच्या युद्धांत पराभूत सैन्य विजेत्याच्या सेवेत जाणे ही रूढी झाली होती. अँटिगोनसने स्वतः युमिनीझच्या सैन्याच्या फितुरीचा लाभ घेतला होता. शत्रूचे पायदळ कापून काढण्यापेक्षा ते आपले करून घेणे श्रेयस्कर, हे सील्यूकसने ओळखले.

अँटिगोनस शेवटपर्यंत डीमीट्रियस मदतीला येईल या आशेवर जागेवरून हलला नाही. भाल्यांच्या वर्षावात तो पडला. सेवक व मित्र त्याला सोडून गेले. लॅरिसाचा थोरॅक्स हा एकटाच त्याच्या देहापाशी थांबला. मृत्युसमयी अँटिगोनसचे वय ८१ वर्षांचे होते. डीमीट्रियस ५,००० पायदळ व ४,००० घोडदळ घेऊन एफेससकडे निसटला.

डीमीट्रियसच्या अविचारी पाठलागामुळे लढाई हातची गेली, असा ठपका प्लूटार्कपासून आजवर ठेवला जातो. तो निराधार नाही. तथापि अँटायओकसची माघार हा पूर्वयोजित डाव असावा, असेही मत मांडले गेले आहे. हत्तींची एवढी मोठी फळी ऐन वेळी योग्य जागी येणे हे योगायोगाने घडणे कठीण आहे. त्यांचा एक भाग याच हेतूने मागे राखून ठेवला असला पाहिजे. माघार खरी असो वा बनावट, डीमीट्रियस पुढे गेल्यास काय करावयाचे हे सील्यूकसने आधीच ठरविले होते, एवढे म्हणता येते. अँटिगोनसच्या व मित्रपक्षाच्या हत्तींची सुरुवातीला समोरासमोर झुंज झाली व ती तुल्यबळ ठरली, असे डायोडोरसच्या एका त्रुटित उताऱ्यावरून दिसते. म्हणजे हत्तींनी शत्रूला तुडवून विजय मिळवून दिला नाही. त्यांनी घोडदळाची वाट अडविली आणि पुढचे काम सोपे केले.

या लढाईची माहिती तिच्या महत्त्वाच्या मानाने फार तुटपुंजी आहे. कार्डियाचा हायरॉनिमस हा अँटिगोनसच्या पदरी असलेला समकालीन इतिहासकार होता. त्याचा ग्रंथ नष्ट झाला. त्यावर आधारलेला डायोडोरसचा विसावा खंड इ. स. पू. ३०२ च्या हिवाळ्यापाशी संपतो आणि लढाईचे वर्णन असलेल्या एकविसाव्या खंडाचे काही तुकडेच उरले आहेत. त्यामुळे खंदकांची लांबलचक हकीकत तपशीलवार मिळते आणि निर्णायक दिवसासाठी प्लूटार्कच्या डीमीट्रियसच्या चरित्रातील थोड्या ओळींवर विसंबावे लागते. प्लूटार्कचे लक्ष नायकाच्या स्वभावाकडे असल्याने मित्रपक्षाच्या व्यूहाविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही. लायसिमॅकसने रणांगणावर काय केले, हेही त्यावरून कळत नाही.

विजेत्यांनी अँटिगोनसचे राज्य आपसांत वाटून घेतले. टॉरस पर्वतापर्यंतचा आशिया मायनरचा बहुतेक भाग लायसिमॅकसला, सिलिशिया प्लाइस्टार्कसला व सिरिया सील्यूकसला मिळाला. परंतु सिरियाचा दक्षिण भाग टॉलेमीने व्यापला होता. लढाईत भाग न घेतल्यामुळे त्याचा हक्क इतरांनी नाकारला. तथापि पूर्वी आश्रय दिलेल्या मित्राविरुद्ध सील्यूकसने शस्त्र उचलले नाही आणि हक्कही सोडला नाही. या अनिर्णित प्रश्नातून पुढे दोन्ही घराण्यांत शतकभराहून अधिक काळ सिरियन युद्धे होत राहिली. अँटिगोनिया नगर सील्यूकसने मोडले व त्याच्या जवळच इ. स. पू. ३०० मध्ये अँटिऑक वसविले. बॅबिलोनियाच्या राजाचे भूमध्य समुद्राकडे झालेले हे स्थलांतर दूरगामी ठरले. सील्यूकसच्या वंशजांचे लक्ष पश्चिमेकडे ओढले गेले आणि बॅक्ट्रिया व पार्थिया हे पूर्वेकडील प्रांत इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास त्यांच्या हातून सुटू लागले.

इप्ससमुळे साम्राज्याच्या एकीची कल्पना तत्काळ नाहीशी झाली, असे म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नाही. डीमीट्रियसचे आरमार शाबूत होते. अथेन्सने त्याला प्रवेश नाकारला, तरी काही वर्षांतच सील्यूकसने त्याची मुलगी स्ट्रॅटोनायसी हिच्याशी विवाह केला आणि इ. स. पू. २९४ मध्ये तो मॅसिडोनियाचा राजाही झाला. पुढे ते राज्य गमावून तो सील्यूकसच्या कैदेत मरण पावला. इ. स. पू. २८१ मध्ये कोरुपीडियम येथे सील्यूकस व लायसिमॅकस हे इप्ससचे दोन विजेते परस्परांविरुद्ध लढले. लायसिमॅकस पडला आणि जवळजवळ सर्व साम्राज्य सील्यूकसच्या हाती येण्याची चिन्हे दिसू लागली. पण युरोपात पाऊल ठेवताच टॉलेमीचा मुलगा सेरोनस याने त्याचा खून केला. त्यानंतरच ईजिप्त, सिरिया व मॅसिडोनिया या तीन राज्यांची घडी बसली. त्यांपैकी मॅसिडोनियाचे राज्य इप्ससला पराभूत झालेल्या घराण्याकडे, म्हणजे डीमीट्रियसचा मुलगा अँटिगोनस गोनाटस याच्याकडे गेले व रोमने इ. स. पू. १६८ मध्ये ते जिंकेपर्यंत त्याच्या वंशात राहिले.

भारतातून आलेल्या हत्तींसाठी सील्यूकसने ऑराँटीझ नदीकाठच्या ॲपामीया येथे कायमचा तळ उभारला. त्याच्या नाण्यांवर हत्तींच्या रथात उभी असलेली अथीना देवी आढळते. रोमने इ. स. पू. १८८ च्या तहाने सील्यूकसच्या वंशजांना हत्ती बाळगण्यास मनाई केली. तरीही ते बाळगले जात, असे दिसून आल्यावर इ. स. पू. १६२ मध्ये रोमच्या शिष्टमंडळाने सिरियात येऊन त्यांच्या पायांच्या शिरा तोडविल्या.